ऑनलाइन वागणूक मराठीच्या तासाला शिकवा : पाठ्यपुस्तक मंडळाच्या भाषा समितीस खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य, मराठी भाषा समिती,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे;
तसेच
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे.

विषय : विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन वागणुकीचे शिक्षण भाषा विषयात समाविष्ट करण्याबाबत.

महोदय / महोदया,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून तयार झालेला राज्याचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गात आला असून पुढील इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलणार आहेत. माध्यमिक वर्गांच्या मराठीच्या पुस्तकांवर अखेरचा हात फिरण्यापूर्वी, तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवणारी शिक्षिका म्हणून मला एक मागणी आपल्यापुढे ठेवायची आहे. समाजमाध्यमांवर जबाबदारीने आणि दुसऱ्याचा मान राखून कसे वागावे, हे मुलांना शिकवण्याचे काम आजवर संगणकाच्या शिक्षकांकडे, वर्षातून एकदा येणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांच्या व्याख्यानाकडे किंवा परिपाठानंतरच्या दोन मिनिटांच्या सूचनेकडे सोपवले गेले आहे. ते मराठीच्या पुस्तकात आणि मराठीच्या तासाला यावे, अशी माझी विनंती आहे.

पासवर्ड कुणाला सांगू नये, ओटीपी देऊ नये, अनोळखी लिंक उघडू नये, हे संगणकाच्या तासाला शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे. परंतु मुले फोन हातात घेऊन दिवसभर जे करतात ते बहुतांशी लिहिणे, वाचणे, उत्तर देणे आणि दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्यापर्यंत पोचवणे हेच असते. वर्गमैत्रिणीच्या फोटोखाली काय लिहावे, वाद चिघळत असताना कुठे थांबावे, चिडलेल्या माणसाला काय उत्तर द्यावे, बोललेले शब्द मागे कसे घ्यावेत आणि ऐकीव गोष्ट सांगताना ती ऐकीव आहे हे कसे कळू द्यावे, हे सारे प्रश्न भाषेच्या वापराचे आहेत. ते सोडवण्याची साधने मराठीच्या शिक्षकाच्या हाताशी असतात, कारण कोण बोलते आहे, कुणाशी, कोणत्या हेतूने आणि कोणत्या सुरात, हे प्रश्न आम्ही प्रत्येक उताऱ्याला विचारतच असतो.

आपल्या मंडळाने या दिशेने एक पाऊल पूर्वीच टाकले आहे. २०१८ मध्ये दहावीचे कुमारभारतीचे पुस्तक बदलले तेव्हा उपयोजित लेखनातील पत्राचे प्रारूप ई-मेलच्या धर्तीवर आले आणि पत्त्यासोबत ई-मेलचा पत्ता लिहिण्याची पद्धत रुळली. बदल योग्यच होता, पण तो प्रारूपापाशी थांबला. मुले उत्तरपत्रिकेवर पेनाने ई-मेल लिहितात, 'मा. व्यवस्थापक' यांच्याकडे रोपांची किंवा पुस्तकांची मागणी करतात, खाली 'आपला विश्वासू, अ. ब. क.' असे लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. त्याच संध्याकाळी तीच मुले वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एकमेकांना जे लिहितात, त्याचा आणि या पत्राचा काडीचा संबंध नसतो. त्यांच्या आयुष्यातले खरे लेखन पुस्तकाबाहेर राहते, म्हणून त्याला वळण लावणारे कुणी नाही.

वर्गात घडलेला एक प्रसंग, कुणाची ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे नोंदवते. शाळेच्या सहलीहून परतताना बसमध्ये झोपलेल्या एका मुलाचा फोटो कुणीतरी काढला. तोंड उघडे, मान शेजाऱ्याच्या खांद्यावर, ओठाच्या कडेला लाळ. रात्रीपर्यंत त्याचे स्टिकर तयार झाले. कुणी 'गुड नाइट' म्हटले की ते स्टिकर येई, कुणी गणिताचा अभ्यास विचारला की ते येई, आणि हळूहळू काहीही कारण नसताना येऊ लागले. सुरुवातीला तो मुलगाही हसण्याची इमोजी टाकत होता. मग तो गप्प झाला, मग गटातून बाहेर पडला. तो बाहेर पडल्यावरही गटावर पुन्हा तेच स्टिकर आले. त्यानंतर त्याने शाळेत येणे बंद केले. प्रकरण कार्यालयात गेले, पालकांना बोलावणे झाले, स्टिकर बनवणाऱ्या मुलाला त्याच्या वडिलांनी सर्वांदेखत थोबाडीत मारली आणि सांगितलेल्या शब्दांत त्याच्याकडून माफीपत्र लिहून घेण्यात आले. स्टिकर मात्र वर्गातल्या साऱ्या फोनमध्ये जसेच्या तसे होते.

पुढच्या तासाला मी तो संवाद नावे काढून फळ्यावर लिहिला आणि एकच प्रश्न विचारला, की या ओळींमध्ये नेमक्या कोणत्या ओळीनंतर कुणीतरी काहीतरी बोलायला हवे होते आणि काय. बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी एक मुलगी म्हणाली, "पण बाई, तो स्वतःच हसत होता की. मग आम्हाला कसं कळणार?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. समोरासमोर चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. लेखनात हसण्याच्या इमोजीआड माणूस हसतो आहे की अपमान गिळतो आहे, हे ओळखावे लागते आणि ओळखता येत नसेल तर विचारावे लागते. मग मुलांनी वाक्ये लिहिली. बहुतेकांनी 'कृपया असे करू नये' अशी सूचनाफलकावर शोभणारी वाक्ये लिहिली. ती वाचून वर्गच हसला, कारण असे कुणी बोलत नाही हे त्यांनाही ठाऊक होते. दुसऱ्या फेरीत एकाने लिहिले, 'बास की आता, लय झालं.' आणखी एकीने गटावर काहीच न लिहिता त्या मुलाला एकट्याला पाठवायचा निरोप लिहिला : 'ते स्टिकर तुला खरंच चालतंय का?' माझ्या मते संपूर्ण तासाचे फलित त्या दोन वाक्यांत होते. सभ्यपणा म्हणजे छापील भाषा नव्हे, आणि मुलांना त्यांच्याच बोलीत दुसऱ्याची बाजू घेता येते, फक्त ते वाक्य आधी कधीतरी उच्चारलेले असावे लागते.

अशा प्रसंगानंतर शाळांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे फोनबंदी. शाळेच्या वेळेत फोन नसावा, याविषयी माझा वाद नाही. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे आणि आपल्याकडेही तशी मागणी होत असते. परंतु आमच्या गावात मुलाचे खाते बहुधा मुलाचे नसतेच. फोन वडिलांचा, नंबर वडिलांचा, इन्स्टाग्रामवर टाकलेली जन्मतारीख थोरल्या भावाची, आणि संध्याकाळी दोन तास तो फोन घरातल्या तिघा भावंडांमध्ये फिरतो. एखाद्या मुलीला रात्री आलेली घाणेरडी टिप्पणी ज्या नावाने येते, ते नाव पालकसभेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या गृहस्थांचे असते. अशा घरांत वयाची अट कागदावरच राहते. शिवाय मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर आपणच घरोघरी फोन घ्यायला लावून त्यावर अभ्यास पाठवला होता, हेही विसरता येत नाही.

दुसरा विषय अफवांचा. उपयोजित लेखनात बातमीलेखन आहे. शीर्षक, दिनांक, स्थळ, मग मजकूर, असा त्याचा साचा मुले पाठ करतात. बातमी खरी आहे हे ठरवायचे कसे, हा प्रश्न मात्र कुठे विचारला जात नाही. या महाराष्ट्रात १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृतीसाठी बनवली होती. मूळ चित्रफितीच्या शेवटी दुचाकीवरचे लोक मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. पुढे पाठवल्या गेलेल्या चित्रफितीत तेवढाच भाग कापलेला होता. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. पुढे एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन आले. अशा अनेकदा फिरलेल्या संदेशावर दिसणारी दुहेरी बाणाची खूण आमच्या मुलांनी हजारदा पाहिलेली आहे. तिचा अर्थ विचारला तेव्हा एका मुलाने 'महत्त्वाचा मेसेज' असे सांगितले.

राईनपाड्याची घटना, कापलेली चित्रफीत आणि दुहेरी बाण, या तीन गोष्टींवर नववीच्या पुस्तकात एक पाठ व्हावा. त्याखालच्या स्वाध्यायात 'खालील संदेशातील कोणते विधान तपासता येईल, ते कुणाकडे तपासाल आणि तपासून होईपर्यंत काय कराल' असा कृतिप्रश्न असावा. ठार झालेले पाचही जण पोटासाठी गावोगाव फिरणारे होते. मुलांना हे कळले पाहिजे, की ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला त्यांपैकी बहुतेकांना आपण गावाचे भलेच करतो आहोत असे वाटत होते. दुष्टपणाविरुद्ध बोधकथा पुष्कळ आहेत. भल्या हेतूने केलेल्या बेजबाबदार लेखनाविषयी आपल्या पुस्तकांत फारसे काही नाही.

तिसरा विषय काढताना शिक्षकही आवाज खाली आणतात, तो म्हणजे जात आणि धर्म. आरक्षणाची आंदोलने तापतात, निवडणुका येतात, जयंत्या येतात, तेव्हा मुलांच्या स्टेटसवर काय काय चढते ते प्रत्येक वर्गशिक्षकाला ठाऊक आहे. एरवी एका डब्यात जेवणारी मुले त्या काळात एकमेकांचे स्टेटस लपवून पाहतात. स्टेटस चोवीस तासांत जाते म्हणून त्याचा परिणामही जातो, असे मुलांना वाटते. पण जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरूनच दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. या विषयावर पुस्तकाने मौन बाळगले तर शिक्षकही बाळगतील, कारण पुस्तकात नसलेल्या विषयावर बोलून अडचणीत यायला कुणी तयार नसतो. पुस्तकात छापलेला एक उतारा शिक्षकाला केवढे संरक्षण देतो, हे समितीतील शिक्षक-सदस्यांना मी सांगायला नको.

मात्र येथे एका धोक्याची जाणीव करून देणे मला आवश्यक वाटते. 'आदराने वागा' या वाक्याचा अर्थ आपल्या शाळांत फार लवकर 'तोंड मिटून राहा' असा होतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका टिप्पणीवरून अटक झाली. त्यांतील एकीने ती लिहिली होती आणि दुसरीने तिला केवळ पसंती दर्शवली होती. ज्या कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ती टिप्पणी उद्धट नव्हती आणि समजा असती, तरी तुरुंग हे तिचे उत्तर नव्हते. शाळेच्या पातळीवर हाच प्रकार लहान रूपात घडतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, असा फोटो एखाद्या विद्यार्थिनीने टाकला की 'शाळेची बदनामी' म्हणून तिच्या पालकांना बोलावले जाते. माझ्या दृष्टीने त्या मुलीने नागरिक म्हणून पहिले काम केलेले असते. तिला शिकवायचे असेल तर एवढेच शिकवावे, की फोटोत दुसरी मुलगी येऊ देऊ नये, तारीख लिहावी, आधी मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी तक्रार करावी, आणि दखल घेतली गेली नाही तर तसे स्पष्ट लिहावे. तक्रारपत्र म्हणून आपण जे शिकवतो ते याहून वेगळे नाही.

मुलांच्या जाहीर लेखनाची आपली परंपरा तर फारच तेजस्वी आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती साधारण चौदा वर्षांची होती. म्हणजे आजची आठवी-नववी. त्या निबंधात राग आहे, थेट सवाल आहेत आणि त्या काळच्या प्रतिष्ठितांना ते मुळीच सभ्य वाटले नसणार. तरीही त्यात एकही शब्द उगाच नाही, जे लिहिले आहे ते पाहिलेले आणि सोसलेले आहे, आणि लिहिणारी स्वतःच्या नावानिशी उभी आहे. जबाबदारीने लिहिणे म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही. तो निबंध आणि खोट्या नावाच्या खात्यावरून केलेली शिवीगाळ शेजारीशेजारी ठेवून मुलांना फरक विचारावा. तो त्यांना सांगता येईल.

मोठ्यांविषयी थोडे लिहिते, कारण मुले तेथूनच शिकतात. चाचणीचे गुण नावांसकट पालकांच्या गटावर टाकणे, फी थकलेल्यांची यादी त्याच गटावर टाकणे, गणवेश किंवा सायकल वाटताना गरीब मुलांचे फोटो काढून ते वरिष्ठांच्या गटापासून स्वतःच्या स्टेटसपर्यंत सर्वत्र फिरवणे, हे आपल्या शाळांत सर्रास चालते. बऱ्याचदा ते वरून मागितलेल्या 'उपक्रमाचा फोटो' या पुराव्यापोटी चालते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. कायद्याची कलमे बाजूला ठेवली तरी, आपला फोटो न विचारता कुठेही फिरतो हे ज्या मुलाने पहिलीपासून पाहिले, त्याला नववीत 'मित्राचा फोटो विचारल्याशिवाय टाकू नये' असे सांगण्याचा आपल्याला कितपत अधिकार उरतो, याचा विचार व्हावा. म्हणून परिषदेने शिक्षक हस्तपुस्तिकेत शाळेच्या स्वतःच्या ऑनलाइन वागणुकीचे एक पान द्यावे, आणि उपक्रमांचे फोटो मागवणारी परिपत्रके काढणाऱ्यांनी ते आधी वाचावे.

जेथे गुन्हा घडलेला आहे तेथे मराठीचा तास पुरत नाही, याची मला कल्पना आहे. मुलीच्या फोटोत फेरफार करून अश्लील चित्र बनवणे आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपमुळे कुणालाही जमते. अशा प्रसंगी शिक्षक घाबरून सर्वांत वाईट गोष्ट करतात, ती म्हणजे ते चित्र 'पुरावा' म्हणून स्वतःच्या फोनवर मागवून घेतात आणि सहकाऱ्यांना दाखवतात. बालकाचे असे चित्र जवळ बाळगणे आणि पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली गुन्हा आहे. बालकाविरुद्ध लैंगिक गुन्हा घडल्याचे कळल्यावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला खबर देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे; प्रकरण कार्यालयातच मिटवण्याची मुभा मुख्याध्यापकांना नाही. बालकांसाठी १०९८, सायबर आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे तक्रार पोर्टलचा पत्ता प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापावा. यासाठी समिती नेमण्याची गरज नाही.

राहिला प्रश्न गुणांचा. या घटकाला लेखी परीक्षेत गुण ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गुण आले की अपेक्षित प्रश्नसंच येतात, मार्गदर्शकात तयार उत्तरे येतात आणि 'ऑनलाइन शिष्टाचाराचे पाच मुद्दे' मुले घोकून लिहितात. भाषा विषयाचे जे २० गुण अंतर्गत मूल्यमापनासाठी आहेत, त्यांतील तोंडी कामात हा घटक घ्यावा : एक खराखुरा वाटेल असा गटावरचा संवाद द्यावा आणि मुलाने त्यात आपले पुढचे वाक्य बोलून दाखवावे, ते तसेच का निवडले ते सांगावे. उत्तर एकच नसेल, आणि म्हणूनच ते पाठ करता येणार नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाविषयी एवढेच म्हणते, की लिंक पाठवून, हजेरीचा फॉर्म भरून घेऊन आणि प्रमाणपत्र डाउनलोड करायला लावून हा विषय पोचणार नाही. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत दहा-पंधरा शिक्षक एकत्र बसतात. तेथे एखादा असा संवाद वाचून त्यावर आपापसांत वाद घालू द्यावा. पहिल्या बैठकीत बरेच शिक्षक त्या मुलाऐवजी स्टिकरलाच हसतील. तसे झाले तर पुढचे बोलणे तेथूनच सुरू करता येईल.

आमच्या शाळेत आम्ही तिघा मराठी शिक्षकांनी आठवी ते दहावीसाठी असे काही संवाद, त्यांवरील कृतिप्रश्न आणि मुलांनी लिहिलेली उत्तरे नावे वगळून एकत्र केली आहेत. त्यांत त्रुटी आहेत आणि बोली आमच्या भागाची आहे, त्यामुळे विदर्भात, खानदेशात किंवा कोकणात ती तशीच चालणार नाही. समितीस उपयोग होणार असेल तर ते सर्व साहित्य आम्ही विनामूल्य देऊ. नववीच्या पुस्तकाचा मसुदा हरकती व सूचनांसाठी खुला होईल तेव्हा या घटकासाठी किमान एक पाठ आणि उपयोजित लेखनातील एक कृती त्यात असावी, आणि नसल्यास ती का नाही, याचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक मराठी शिक्षिका
माध्यमिक विद्यालय, सातारा जिल्हा